कोकण रेल्वेत गाणं ऐकायचं तर

पुणे, रविवार

प्रिय नंदू,

तुझं पत्र मिळालं. बदली रत्नागिरीला, आणि वर इन्स्पेक्शनचं काम. म्हणजे आज लांजा, उद्या राजापूर, परवा गुहागर आणि मधूनमधून मुंबईच्या हेड ऑफिसची वारी. वहिनींना दगदग दिसत असेल आणि ती आहेच. पण रोजचे दोन-तीन तास प्रवासात जाणार, तेवढ्यात राहून गेलेलं गाणं ऐकून काढीन, असं तू लिहिलंस ते वाचून मला फार बरं वाटलं. नोकरीला लागल्यापासून तुझं ऐकणं सुटलं होतं, याची मला कायम रुखरुख होती.

टिकणारा आणि चांगला वाजणारा हेडफोन कुठला, असं विचारलंस. माझा दिवस शूटिंगवर आवाज टिपताना हेडफोन लावूनच जातो, तेव्हा जरा सविस्तर लिहितो. निकाल आधीच सांगून टाकतो: तू वायरचे, कानाच्या आत बसणारे इअरफोन घे, आणि वायर सुटी काढता येईल असेच घे. का, ते आता सांगतो.

प्रवासातल्या ऐकण्यात पहिला प्रश्न गोंगाटाचा असतो, हेडफोनच्या आवाजाचा त्यानंतर. रत्नागिरीहून मुंबईकडे निघालास की भोके आणि उक्षीच्या मधे करबुड्याचा बोगदा लागतो, साडेसहा किलोमीटरचा. खिडकी उघडी असेल तर त्या बोगद्यात शेजारच्याचं बोलणं ऐकू येत नाही. विजेची इंजिनं आली म्हणून चाकांचा खडखडाट काही गेला नाही. एसटीत तर घाटभर इंजिनाची घरघर आणि काचांची थरथर. अशा ठिकाणी आवाज सहज ८० डेसिबलच्या पुढे असतो. विलंबित ख्यालातली आलापी त्याच्यावरून ऐकायची तर माणूस नकळत आवाज वाढवत नेतो आणि ९० वर जाऊन बसतो.

जागतिक आरोग्य संघटनेचा हिशेब असा आहे: ८० डेसिबलला आठवड्याचे ४० तास चालतात, ९० डेसिबलला फक्त ४ तास. दर तीन डेसिबलला वेळ निम्मी होत जाते. तुझे रोजचे दोन-तीन तास धरले तर आठवड्याचा कोटा मंगळवारीच संपतो. कानाच्या आतल्या ज्या बारीक पेशी आवाज टिपतात, त्या एकदा गेल्या की पुन्हा उगवत नाहीत. आमच्या धंद्यातली चांगली कानं अशी गेलेली मी पाहिली आहेत, म्हणून याबाबतीत मी हट्टी आहे. बाहेरचा आवाज जो अडवेल तोच हेडफोन प्रवासाचा, कारण तो असला की आतला आवाज कमी ठेवता येतो.

अडवायचे दोन मार्ग. एक नॉइज कॅन्सलिंगचा. त्याची गोष्ट तुला आवडेल. बोस कंपनीचे संस्थापक अमर बोस १९७८ साली झुरिकहून बॉस्टनला विमानाने चालले होते. विमानात दिलेल्या हेडफोनवर इंजिनाच्या आवाजात काही धड ऐकू येईना, तेव्हा त्यांनी तिथेच बसून गणित मांडायला घेतलं. (त्यांचे वडील बंगालमधले, स्वातंत्र्य चळवळीत होते, इंग्रजांच्या ससेमिऱ्यामुळे अमेरिकेला गेलेले.) त्या गणितातून वैमानिकांसाठीचा हेडसेट बाजारात यायला १९८९ साल उजाडलं, आणि तुमच्या-आमच्यासाठीचा हेडफोन आला २००० साली. तत्त्व सोपं आहे: कपावरचा माइक बाहेरचा आवाज ऐकतो, आतलं सर्किट त्याची बरोबर उलटी लहर तयार करतं आणि दोन्ही एकमेकींना मारतात. विमानाची एकसुरी घूं घूं यात जवळजवळ नाहीशी होते. पण हे जमतं ते खर्जातल्या, सतत चालणाऱ्या आवाजाला. चहावाल्याची हाळी, हॉर्न, रुळांचे सांधे, रडणारं मूल, यांतलं बरंच काही आत येतंच. तू दर महिन्याला दिल्लीला विमानाने जात असतास तर मी तोच घे म्हटलं असतं.

दुसरा मार्ग म्हणजे कान नीट बंद करणं. कानात घालायच्या इअरफोनची रबरी टिप नेमक्या मापाची असेल तर बाहेरचा आवाज साधारण २० डेसिबलने उतरतो, खर्जात जरा कमी, वरच्या आवाजांत जास्त, आणि त्याला बॅटरी लागत नाही. मी याच मताचा आहे, आणि त्याचं कारण टिकाऊपणात आहे.

ब्लूटूथमुळे आवाज खराब होतो असं मी म्हणणार नाही. आता तो चांगलाच येतो, गाडीत तर फरक कळणारही नाही. अडचण बॅटरीची आहे. ते बिनवायरचे छोटे बड्स असतात ना, त्यांच्या पोटात मटाराएवढी लिथियमची बॅटरी असते. काहीशे वेळा चार्ज झाली की तिची ताकद उतरायला लागते. रोज वापरलेस तर दोन-तीन वर्षांत पाच तासांचे दोन तास होतात. आणि बहुतेक बड्स डिंकाने असे बंद केलेले असतात की उघडताना तुटतातच. म्हणजे आतला स्पीकर ठणठणीत असताना वस्तू कचऱ्यात. मला हे मनापासून खटकतं. जो उघडता येतो, ज्याचा भाग बदलता येतो, तोच टिकाऊ. बाकी खोक्यावर काहीही लिहिलेलं असो.

आमच्या कामात तीस-तीस वर्षं टिकून राहिलेली दोन नावं आहेत, ती तुला माहीत असू देत. सोनीचा एमडीआर-७५०६, निळ्या पट्टीचा, १९९१ पासून आहे तसा चालला आहे. बोललेला शब्द इतका स्वच्छ ऐकू येतो की कलाकाराच्या शर्टाचं घासणंसुद्धा सुटत नाही. पण त्याची वायर गुंडाळीची, ओढली तर तीन मीटर, आणि कायमची जोडलेली. बसच्या सीटवर तिचं करणार काय? दुसरा सेनहायझरचा एचडी २५. वजन जेमतेम १४० ग्रॅम, डोक्यावरची पट्टी दोन भागांत फाकते आणि एक कप मागे वळवून एका कानाने बाहेरचं ऐकता येतं. त्याची वायर, गाद्या, पट्टी, आतला स्पीकर, सगळं सुटं मिळतं आणि बरंचसं हातानेच निघतं. खरं तर टिकाऊपणाचा तो आदर्शच आहे. तुला मात्र मी तो घे म्हणत नाही, कारण तू चष्मा लावतोस. तो कानावर घट्ट दाबून बसतो, त्या दाबामुळेच तर गोंगाट अडतो, आणि तासाभराने चष्म्याची काडी कानामागे रुतायला लागते.

कोसचा पोर्टा प्रो म्हणून एक आहे, १९८४ पासूनचा. घडी होते, हलका, आवाज गोड. मला तो घरी फार आवडतो. पण तो उघड्या बांधणीचा आहे: बाहेरचं सगळं आत येतं आणि तुझं गाणं शेजारच्या बर्थवर जातं. प्रवासासाठी बाद.

राहिले मोठ्या गाद्यांचे हेडफोन. त्यांना कोकणची हवा मानवत नाही. गाद्यांवरचं ते लेदर म्हणजे पॉलियुरेथेनचा पातळ थर. घाम आणि दमट हवा मिळून तो थर आतून कुजतो आणि काळ्या पापुद्र्यांनी गळतो, ते कानाला चिकटतात. पुण्यात चार वर्षं जाणाऱ्या गाद्या तिकडे दोन पावसाळ्यांत जातील. त्यात एप्रिल-मेमध्ये रत्नागिरीच्या एसटीत कान झाकून बसणं कसं होईल, ते तूच बघ.

म्हणून कानातले. दुकानात हातात घेतलेस की आधी वायर बघ. ती इअरफोनपाशी दोन बारीक पिनांनी बसलेली हवी, म्हणजे तुटली तर काहीशे रुपयांत नवी वायर आणि पुढे चालू. वायर बहुतेक वेळा फोनमध्ये खुपसायच्या पिनेच्या मुळाशी तुटते, मधे क्वचितच. त्या पिनेला लागून जो रबरी दांडा असतो तो अंगठ्याने हळूच वाकवून बघ: कमानीसारखा वळला पाहिजे. काटकोनात मोडत असेल किंवा दगडासारखा ताठ असेल तर ठेवून दे. फोन खिशात ठेवणार असशील तर एल आकाराची पिन घे, उभी पिन बसता-उठता वाकते. वायर कानावरून मागे घेऊन घालायची असते, तशीच घाल. समोर लोंबत ठेवलीस तर ती शर्टाला घासल्याचा खरखराट थेट कानात येतो. मूनड्रॉपचा चू टू मला पसंत आहे: धातूचा, सुट्या वायरचा, दोन हजारांच्या आसपास. त्यापेक्षा दुप्पट-तिप्पट पैसे घालून तुला प्रवासात दुप्पट-तिप्पट गाणं ऐकू येणार नाही.

आता आवाज. दुकानातला पोरगा बेस दाखवील, छाती हादरवील. तू आपलं गाणं फोनमध्ये घेऊन जा. आधी नुसता तंबोरा लाव. चार तारा चार ऐकू आल्या पाहिजेत, खर्जाची तार बाकीच्यांखाली जमिनीसारखी पसरली पाहिजे, आणि जवारीची, म्हणजे घोडीवर तार झणझणते तिची, झळाळी हवी पण तिची सळसळ व्हायला नको. मग तबला. चाटेचा, म्हणजे तबल्याच्या कडेवरचा, ‘ना’ टोकदार यायला हवा, आणि डग्ग्यावर मनगट सरकवून जी मींड घेतात, तिचा सूर खाली-वर जाताना कळला पाहिजे. बेस फुगवलेल्या इअरफोनमध्ये तो सूर जातो आणि नुसता धप्प उरतो. बाजारातले निम्मे इअरफोन इथेच गळतात, आपल्या संगीताचं बरंचसं खर्ज आणि तार यांच्या मधल्या पट्टीत असताना तीच दाबलेली असते. शेवटी तुझ्या बाबांच्या जुन्या कॅसेटवरून उतरवलेलं काही लाव. जिथे टेपची खरखर गाण्याच्या पुढे येऊन उभी राहते तो नको. आणि हे सगळं आवाज अगदी कमी ठेवून ऐक. हळू आवाजातही ज्याच्यात गायिकेचा श्वास आणि हार्मोनियमचा भाता कळतो, तो तुझा.

टिपचं माप मात्र डोळे मिटून ठरवू नकोस. खोक्यात तीन मापं येतात. बहुतेक लोक मधलं घालून मोकळे होतात आणि मग बेस नाही म्हणून कुरकुरतात. फट राहिली की खर्ज निसटतो आणि गोंगाट आत शिरतो. दुसऱ्या हाताने कान जरा वर-मागे ओढ, इअरफोन फिरवत आत बसव, आणि गाणं न लावता दुकानातला पंखा ऐक. पंखा विझल्यासारखा वाटला की माप बरोबर. दोन कानांना दोन वेगळी मापं लागू शकतात, त्यात काही वावगं नाही. फोमच्या टिपा आणखी छान अडवतात, पण काही महिन्यांत मऊ पडतात, तेव्हा जादा जोडी जवळ ठेव.

तुझ्या फोनला गोल जॅक आहे का? २०१६ साली आयफोनने तो काढला आणि मग बाकीचेही काढत सुटले. नसेल तर सी टाइपचा छोटा डोंगल, म्हणजे गोल पिन फोनला जोडणारा तुकडा, लागेल. अ‍ॅपलचा डोंगल उत्तम आहे, पण अँड्रॉइड फोनवर त्याचा आवाज पुष्कळदा बारीक येतो, तेव्हा दुकानात तुझ्याच फोनला लावून बघ.

वापरताना एकच सवय लाव. वायर फोनभोवती आवळून गुंडाळू नकोस. आम्ही सेटवर करतो तसं कर: हाताच्या पंजाएवढं सैल वेटोळं, एक वेढा सुलट, पुढचा मनगट फिरवून उलट. वायरला पीळ पडत नाही आणि सोडताना गाठ होत नाही. डबीत सिलिकाची पुडी टाक, औषधांच्या बाटलीत येते ती चालते. घामेजलेले इअरफोन लगेच डबीत बंद करू नकोस, आधी रुमालाने पूस. जाळीत मळ साठला की एका बाजूचा आवाज पडतो आणि लोकांना वाटतं बिघडला. मऊ, कोरड्या ब्रशने जाळी खाली धरून झाडायची.

आणि एक विनंती आहे. स्टेशनात शिरताना, रूळ ओलांडताना, हायवेवर एसटीतून उतरताना दोन्ही कान मोकळे ठेव. हे इअरफोन खरोखरच बाहेरचं बंद करतात, मागून येणारी गाडी ऐकू येणार नाही.

गाणी आधी घरीच उतरवून घे, बोगद्यांच्या पट्ट्यात रेंज टिकत नाही. माझ्याकडे खयालाच्या जुन्या खासगी बैठकी आहेत, गुरुजींच्या परवानगीने रेकॉर्ड केलेल्या, त्या पेनड्राइव्हवर घालून पाठवतो. त्यातला सकाळचा तोडी तेवढा मुंबईच्या गाडीत ऐक आणि डग्गा कसा ऐकू आला ते कळव. फोनचं मॉडेल लगेच लिही, म्हणजे डोंगल लागणार असेल तर त्याच पाकिटात फोमच्या टिपांबरोबर टाकून देतो.

वहिनींना नमस्कार, छोटीला गोड पापा.

तुझा,
अभय