फौजी तात्यांची दुसरी नोकरी

मा. ऊर्जामंत्री, महाराष्ट्र राज्य यांस,

सप्रेम नमस्कार.

आमच्या कृष्णाकाठच्या गावातले फौजी तात्या गेल्या महिन्यात वारले. मराठा लाइट इन्फंट्रीचे जवान, १९७१ च्या डिसेंबरात बांगलादेशातल्या जमालपूरच्या लढाईत होते. अंत्ययात्रेला तालुक्यातले माजी सैनिक मेडलं लावून, तिरंगा घेऊन आले. ते योग्यच झालं. पण तात्या फौजेत होते पंधरा वर्षं आणि वीज मंडळात चोवीस. शोकसभेत त्या चोवीस वर्षांच्या वाट्याला एकच वाक्य आलं, "नंतर एमएसईबीत नोकरी केली." म्हणून हे पत्र.

१९८३ साली माजी सैनिकांच्या राखीव जागेवर ते हेल्पर म्हणून लागले, पुढे लाइनमन झाले. लढाईचं विचारलं की विषय बदलायचे; अर्थिंगचं विचारलं की तासभर सुटका नाही. लाइन बंद केल्याचं परमिट हातात असो, लाइन तोडणारा एबी स्विच स्वतः उघडलेला असो, टेस्टिंग करून दोन्ही बाजूंना तार जमिनीशी जोडणारे डिस्चार्ज रॉड टाकल्याशिवाय ते तारेला हात लावत नसत. "लाइन कागदावर बंद आहे, तारेला कुणी सांगितलंय?" असं म्हणायचे. कुणाच्या घरचा जनरेटर चुकीचा जोडलेला असला तर बंद लाइनीत उलटा करंट येतो आणि खांबावरचा माणूस जागच्या जागी जातो. त्यामुळे गणपतीत जनरेटर आला की तात्या आधी मंडपामागे जाऊन जनरेटर आणि लाइन एकमेकांपासून तोडणारा चेंजओव्हर स्विच बघायचे, मग आरतीला. गणेश मंडळाची पोरं वैतागायची.

२००५ च्या महापुरात गावठाणातला डीपी, म्हणजे ट्रान्सफॉर्मर, पाण्यात गेला. पाणी ओसरलं, गाव लाइटसाठी मागे लागलं. तात्या मात्र चिखल तुडवत घरोघरी मीटर आणि बोर्ड वाळलेत का ते बघत फिरले. सगळी घरं बघून झाल्यावरच डीओ (डीपीचा फ्यूज) टाकून लाइट सुरू केली. तोवर भरपूर शिव्या खाल्ल्या, त्यातल्या काही आमच्याच गल्लीतल्या. त्याच वर्षी ६ जूनला वीज मंडळाच्या वेगवेगळ्या कंपन्या झाल्या होत्या. तात्या शेवटपर्यंत 'बोर्ड'च म्हणत.

फौजेची पेन्शन महागाई भत्त्यासह मिळत होती. बोर्डाच्या नोकरीची, म्हणजे १९९५ च्या ईपीएस या कर्मचारी पेन्शन योजनेतली, भत्त्याशिवायची. २०१४ पासून तिची किमान रक्कम महिना १,००० रुपये आहे. हा विषय केंद्राचा आहे, आपल्या हातात नाही, हे कळतं. तरी दिल्लीत बैठकीला जाल तेव्हा निदान बोला.

आपल्या हातातलं मागतो. आज खांबावर चढणारी बरीच मुलं कंत्राटावर आहेत. तात्यांच्या वयाचे, अजून धडधाकट असलेले लाइनमन गावोगावी आहेत. त्यांना रीतसर मानधन देऊन उपकेंद्रावर बोलवा आणि नव्या मुलाला पहिल्यांदा खांबावर चढवण्याआधी आठवडाभर त्यांच्या हाताखाली द्या. आणि प्रत्येक उपकेंद्रात तिथल्या लाइनमनांच्या नावांचा फलक लावा, कोण कुठल्या साली लागला, कधी निवृत्त झाला, कोण काम करताना दगावला. ४ मार्चला लाइनमन दिवस असतो, मुहूर्त शोधायला नको. आमच्या उपकेंद्राच्या फलकाचा खर्च गाव वर्गणी काढून करेल. परवानगी तेवढी द्या.

आपला,
कृष्णाकाठचा एक वीजग्राहक