आई-बाबा, यंदा संक्रांतीला मी नाही

ती. आई-बाबांना,
शि. सा. नमस्कार.

फोनवर सांगायचा धीर झाला नाही, म्हणून लिहितोय. बेळगावच्या उद्यमबागेतून ट्रकमध्ये भरलेलं कास्टिंग काल लुधियान्यात उतरवलं. तिथून माघारी फिरायचं ठरलं होतं, पण मी श्रीनगरचा माल भरला. येताना पुलवाम्याकडच्या लासीपोऱ्यातून कोल्ड स्टोअरमधली सफरचंदं आणायची. म्हणजे संक्रांतीला मी घरी नसेन. आई, तिळगूळ डब्यात ठेव, आल्यावर खातो.

बाबा, तुम्हाला हे आवडणार नाही. तवंदी घाटातल्या त्या रात्रीनंतर तुम्ही स्टिअरिंगला हात लावला नाहीत, आणि माझ्या लायसनचे पैसे आईनं कुठून आणले तेही तुम्ही कधी विचारलं नाहीत. पण निपाणी-पुणे-मुंबई करून हप्ता निघत नाही हो. डिझेल, टोल आणि टायर गेले की हातात काय राहतं ते तुम्हीच वहीत लिहिताय. थंडीत काश्मीरला जायला गाड्या कमी मिळतात, म्हणून भाडं बरं आहे. दोन फेऱ्या झाल्या की बास.

एकटा नाही मी. हुक्केरीकडचा एक पोरगा बरोबर आहे, त्याच्याकडेही जड वाहनाचं लायसन आहे. दिवसाला आठ तासांच्या वर गाडी चालवायची नाही हा कायदा १९६१ पासून आहे, पण पाळतं कोण? आम्ही पाळतो. आठ तास झाले की चावी दुसऱ्याकडे.

धुकं तर काश्मीरच्या आधीच गाठतं. पानिपत सोडलं की अंबाल्यापर्यंत पहाटे बोनेटच्या पुढचं दिसत नाही. अप्पर टाकला की समोर पांढरी भिंतच उभी राहते, कारण उजेड धुक्याच्या थेंबांवर आपटून आपल्याच डोळ्यांत येतो. म्हणून डिप्परवर आणि हळू. तेही जमेना झालं की सरळ ढाबा. परवा चार वाजता गाडी आत घेतली ती साडेनऊला काढली. उजाडल्यावर पुढे गेलो तर एक ट्रेलर रस्त्यातच उभा, मागचे दिवे बंद, रिफ्लेक्टरची पट्टी चिखलानं बुजलेली. बाबा, मी रात्री तसाच रेटला असता तर? तुमच्या वेळी माल वेळेत पोचवायचाच, गाडी थांबवायची नाही, अशी जिद्द होती. तुमची चूक होती असं मी म्हणत नाही. तेव्हा उशीर झाला तर मालक दारात उभं करत नव्हते. मी मात्र थांबतो, आणि पोचायला उशीर होणार हे व्यापाऱ्याला आधीच कळवून ठेवतो.

जम्मूच्या वरचा रस्ता आता निम्मा सोपा झालाय. चेनानी-नाशरीचा नऊ किलोमीटरचा बोगदा २०१७ ला सुरू झाला, बनिहालचा साडेआठचा २०२१ ला. अवघड आहे ते मधलं रामबन, तिथं दगड कोसळतात. पण जड गाड्या पोलीस सोडतील तेव्हाच सुटतात, कधी कधी दोन दोन दिवस बसवून ठेवतात. म्हणून फोन लागला नाही तर मी रांगेत उभा आहे असं समजायचं. रडायचं नाही, आई.

२१ डिसेंबरपासून तिथं चाळीस दिवस चिल्लई कलां, सगळ्यात कडक थंडी. डांबरावर काचेसारखा बर्फ धरतो आणि तो दिसत नाही. पुलावर तर आधी, कारण वारा वरूनही आणि खालूनही. रिकामी गाडी जास्त घसरते, चाकांवर वजन नसतं. म्हणूनच दोन्हीकडून भरून चाललोय, नुसत्या पैशासाठी नाही. चाकांना लावायच्या साखळ्या बरोबर आहेत. ज्या गिअरला चढलास त्याच गिअरला उतर, हे तुमचंच शिकवणं. फक्त बर्फावर एक्झॉस्ट ब्रेक, म्हणजे इंजिनाचा धूर कोंडून गाडी हळू करणारा ब्रेक, बंद ठेवतो, नाहीतर मागची चाकं अडकून गाडी आडवी होते. मुक्कामाला ब्रेकच्या हवेच्या टाक्यांत साठलेलं पाणी न चुकता सोडतो, नाहीतर ते गोठून सकाळी ब्रेक दगा देतात.

झोपायला तुझी वाकळ आहे, आई. लहानपणी बाबा मला आंबोलीला न्यायचे, तेव्हा इंजिनाच्या झाकणावर तीच अंथरायचीस ना? खालून ऊब यायची, आणि बाहेर तो पाऊस. अजून तिला डिझेलचा वास आहे. शेंगाचटणीची बरणी अर्धी उरलीय, त्या हुक्केरीकराला फार आवडली.

बंद केबिनमध्ये शेगडी मात्र पेटवत नाही. कोळशाच्या धुरातल्या विषारी वायूला वास नसतो, माणूस झोपेतच जातो. यावरून आठवलं, बाबा. थंडी लागते म्हणून तुम्ही न्हाणीघराच्या खिडकीत जुन्या धोतराचा बोळा कोंबलाय. गॅस गिझरही तोच वायू सोडतो. तो बोळा आजच काढायचा. आधी बादली भरून घ्यायची, गिझर बंद करायचा, मग आंघोळ. आई, तू दाराशी उभी राहून बघ, त्यांच्या "हो हो"वर जाऊ नकोस.

बीपीची गोळी सकाळीच घ्यायची. पहाटे अंधारात गाडीवरून शेताकडे जायचं नाही, उसाचे ट्रॅक्टर मागच्या दिव्यांशिवाय फिरतात. आई, फरशीवर अनवाणी नको, चप्पल पलंगाखाली ठेवलीय. गुडघा केएलई हॉस्पिटलात दाखवायचा ते मी आल्यावर पुढे ढकलणार नाही, शपथ.

रागावला असाल तर आल्यावर रागवा, बाबा, मी ऐकून घेईन. पण उद्या रात्री आठला जम्मूहून फोन करीन, तेव्हा बोळा काढला की नाही ते आधी सांगा.

तुमचा,
बाळू