ट्रकचा फिल्टर पोकळ करू नका, यार्डात मोकळी जागा द्या

मा. संपादक,
स. न.

गाळप हंगाम तोंडावर आला की आमच्याकडच्या गॅरेजांत एक काम हमखास निघतं. सायलेन्सरमधला काजळी अडवणारा फिल्टर काढून नळ पोकळ करायचा, कॉम्प्युटर लावून डॅशबोर्डवरचा दिवा कायमचा बंद करायचा आणि गाडी परत उसाला लावायची. परवा आमच्या गाडीलाही एकाने हेच सुचवलं. मी नको म्हटलं, तर 'ताई, सगळेच करतात' हे उत्तर. सासऱ्यांपासून घरात ट्रक आहेत आणि डिझेल-टायरपासून ड्रायव्हरच्या उचलीपर्यंतचा हिशेब मी बघते, म्हणून बोलण्याचा थोडा अधिकार आहे असं समजते.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६, म्हणजे गाड्यांच्या धुराचे नवे नियम, लागू झाले आणि नव्या डिझेल ट्रकांना हा फिल्टर आला. आत सिरॅमिकचा ठोकळा, त्याला लांबट बारीक भोकं. एक भोक पुढून बंद, तर शेजारचं मागून बंद. त्यामुळे धुराला मधल्या भिंतीतून पाझरूनच बाहेर पडावं लागतं आणि काजळी भिंतीला चिकटून राहते. ती काढायला गाडी खोलावी लागत नाही, चालता चालताच जळते. भरल्या गाडीने खंबाटकीचा चढ घेतला की धूर इतका तापतो की काजळी आपोआप कमी होत जाते. ड्रायव्हरला पत्ताही लागत नाही. तेवढ्याने भागलं नाही तर फिल्टरच्या पुढचा-मागचा दाब मोजणारा सेन्सर इंजिनाला कळवतो. मग थोडं जास्तीचं डिझेल सोडून धुराचं तापमान साधारण ५५० ते ६०० अंशांपर्यंत नेलं जातं आणि साठलेली काजळी जळून जाते. ड्रायव्हर लोक म्हणतात, 'रिजन लागलं.' बहुतेक वेळा अर्ध्या तासाच्या आत उरकतं. तेवढा वेळ गरम वास येतो, कधी रेस वाढल्यासारखी वाटते. गाडी बिघडलेली नसते. चालवत राहायचं, मध्येच बंद करायची नाही, एवढंच.

(युरियाची टाकी वेगळी. ती नायट्रोजनच्या वायूंसाठी आहे, काजळीशी तिचा संबंध नाही. 'युरिया टाक, फिल्टर साफ होतोय' असं छातीठोक सांगणारे आमच्या स्टँडवर पुष्कळ भेटतात.)

आता उसाची गाडी काय करते बघा. फडात भरताना उभी, कारखान्याच्या वजनकाट्यापुढे रांगेत उभी, ऊस उतरवायच्या गव्हाणीपुढे परत उभी. रांग हातभर सरकते म्हणून इंजिन चालूच. नुसत्या रेसवर धूर तापत नाही, काजळी मात्र साठत जाते. फड ते कारखाना अंतर थोडं, त्यामुळे रिजन सुरू झालं तरी पुरं व्हायच्या आत गाडी पुन्हा रांगेत. असं चार वेळा अर्धवट राहिलं की दिवा लागतो आणि तरी दुर्लक्ष केलं तर इंजिन ताकद कमी करतं. भरलेली गाडी चढाला रडायला लागली की मालक थेट गॅरेज गाठतो.

उभ्या गाडीत बटण दाबूनही रिजन करता येतं. पण आमचा ड्रायव्हर यार्डात ते बटण दाबत नाही, आणि त्याचं बरोबर आहे. कारखान्याच्या यार्डात पायाखाली काय असतं? वाळलेलं पाचट, चिपाडं, बगॅसचा भुसा. त्यावर गाडी उभी करून सायलेन्सर एवढा तापवायचा म्हणजे स्वतःच्या हाताने काडी लावणं. शेजारी दुसऱ्याची भरलेली गाडी. म्हणून रांगेत रिजन आपोआप लागलं तरी तो ते थांबवायचं बटण दाबतो आणि पुढे सरकतो. ड्रायव्हरला अडाणी म्हणून मोकळं होणाऱ्यांनी एकदा रात्री त्या रांगेत येऊन उभं राहावं.

फिल्टर काढल्यावर ती काजळी कुठे जाते हेही त्या रांगेतच दिसतं. ऊसतोडीच्या टोळ्यांच्या खोपी कारखान्याच्या आजूबाजूलाच असतात. बायका चुलीपुढे, पोरं गाड्यांच्या मधून खेळत. डिझेलचा धूर कर्करोगाला कारण ठरतो हे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ सालीच जाहीर केलं आहे. आपल्या गाडीचा खोळंबा वाचवून तो धूर त्यांच्या ताटात वाढायचा, हे मला पटत नाही.

मालकांनाही सांगते, फिल्टर लवकर भरतो त्यात आपलाही हात असतो. इंजिन ऑइल बीएस-६ चं, कमी राखेचंच घाला. काजळी जळते, पण ऑइलमधली राख जळत नाही, ती आतच बसते आणि शेवटी फिल्टर काढून साफ करावा लागतो. स्वस्त डबा तिथे महाग पडतो. गाडी विकणाऱ्यांनीही कोणता दिवा लागला की काय करायचं याचं एक पान मराठीत छापून केबिनमध्ये चिकटवून द्यावं. जाड इंग्रजी पुस्तक आमच्याकडे सीटखाली पडून आहे.

सांगली-सातारा भागातल्या कारखान्यांकडे एकच मागणी आहे. काट्याच्या अलीकडे, रांगेच्या बाहेर, दोन-तीन ट्रक उभे राहतील एवढी काँक्रीटची जागा करा. ती रोज झाडून पाचट हटवा, शेजारी पाण्याचा टँकर किंवा वाळूच्या बादल्या ठेवा आणि तिथे रिजन करणाऱ्या गाडीचा रांगेतला नंबर जाऊ देऊ नका. नंबर जातो म्हणूनच कुणी रांग सोडत नाही. हंगामाच्या सुरुवातीला बॉयलर पेटवायच्या समारंभाच्या, अग्निप्रदीपनाच्या, मांडवाला जेवढी जागा लागते, तेवढीही याला लागणार नाही.

– एक ट्रकमालकीण, पलूस (जि. सांगली)