वादळ घाट चढून येते तेव्हा

मा. मदत व पुनर्वसन मंत्री,
महाराष्ट्र राज्य

सविनय नमस्कार.

चक्रीवादळ म्हटले की यंत्रणेची सगळी धावपळ किनाऱ्यावर होते. ती व्हायलाच हवी. पण ३ जून २०२० रोजी अलिबागजवळ धडकलेले ‘निसर्ग’ तिथेच थांबले नाही, घाट चढून पुणे जिल्ह्यातून नाशिककडे गेले. वाटेत पत्रे उडाले, विजेचे खांब आडवे झाले, शेतकऱ्यांची पॉलिहाउस फाटली, माणसेही दगावली. सप्टेंबर २०२४ मध्ये अमेरिकेत ‘हेलीन’ने समुद्रापासून शेकडो किलोमीटर आत, डोंगरात वसलेल्या ॲशव्हिलची दैना केली. जमिनीवर आल्यावर वारा मंदावतो, पाऊस मंदावेलच असे नाही. ढग डोंगराला अडले की ओढे बघता बघता गावात शिरतात.

साहेब, हवामान खाते चक्रीवादळाचे इशारे चार टप्प्यांत देते. चौथा इशारा वादळ किनाऱ्याला धडकण्याच्या किमान १२ तास आधी निघतो आणि तो आतल्या भागासाठीही असतो. वादळ पुढे कुठे सरकेल, तिथे वारा-पाऊस कसा असेल, हे त्यात सांगितलेले असते. माझे सारे म्हणणे या १२ तासांबद्दल आहे. छोट्या नगरपरिषदेत हा इशारा कोणी वाचायचा आणि वाचून लगेच कशाला हात घालायचा, हे आधीच ठरलेले हवे.

पत्र्याच्या घरांवर लोक दगड ठेवतात. एरवीच्या वाऱ्याला ते पुरतात, पण वाऱ्याचा वेग दुप्पट झाला की दाब चौपट होतो. मग पत्रा उडतो आणि दगड माणसांच्या अंगावर येतात. अशा घरांतली लेकरे-म्हातारी माणसे दिवसाउजेडी शाळेच्या पक्क्या इमारतीत हलवायला हवीत. शाळेची किल्ली कोणाकडे आहे, हे रात्री भर पावसात शोधत फिरायची वेळ येऊ नये. वीज गेली की पाणीपुरवठ्याचे पंप बंद पडतात, म्हणून टाक्या आधीच भरून घ्याव्यात, पंपांना जनरेटर द्यावा. ॲशव्हिलमध्ये नळाला पिण्याजोगे पाणी यायला नोव्हेंबर उजाडला होता.

माझी मागणी एवढीच: घाटमाथ्यावरच्या आणि देशावरच्या प्रत्येक नगरपरिषदेत या इशाऱ्यासाठी एक जबाबदार अधिकारी नेमा, त्याचा नंबर गावाला कळवा आणि मे महिन्याआधी एकदा रंगीत तालीम घ्या. अरबी समुद्रातली वादळे पावसाळ्याच्या तोंडावर येतात, तशीच पावसाळा सरल्यावरही येतात. म्हणून ऑक्टोबरमध्ये ती पुन्हा घ्या.

आपला नम्र,
एक नागरिक