आधी तुटतंय कुठे ते बघ

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र वाचलं आणि ठरवलं, याचं उत्तर फोनवर घाईघाईत द्यायचं नाही. मीटिंगमध्ये बोलता बोलता आवाज तुटतो, चित्र गोठतं, वाय-फाय बंद करून चालू केलं की तेवढ्यापुरतं भागतं आणि थोड्या वेळाने पुन्हा तेच. समोरच्यांना वाटतं, याचंच लक्ष नाही. तुझ्यासारख्या वक्तशीर माणसाला याचा किती मनस्ताप होत असेल, ते मला कळतं.

लोकांनी तुला राउटर बदलायला सांगितलं, विंडोज नव्याने टाकायला सांगितलं, जास्त वेगाचा प्लॅन घ्यायला सांगितलं. यातलं आत्ता काहीही करू नकोस. दोष कुठे आहे हे कुणीच पाहिलेलं नाही. तुझ्या लॅपटॉपपासून राउटरपर्यंतची वाट हवेतून जाते, राउटरपासून पुढची वाट केबलने सेवा देणाऱ्या कंपनीकडे जाते. पहिली वाट तुटत असेल तर प्लॅन कितीही वाढव, उपयोग शून्य. दुसरी तुटत असेल तर विंडोज शंभरदा टाकलंस तरी काही बदलणार नाही. म्हणून आधी तुटतंय कुठे ते बघ, मग हात घाल.

ते बघणं सोपं आहे आणि त्याला पैसे लागत नाहीत. विंडोजमधली कमांड प्रॉम्प्ट, म्हणजे आज्ञा टाइप करायची काळी खिडकी, उघड आणि आयपीकॉन्फिग (ipconfig) ही कमांड दे. त्यात डिफॉल्ट गेटवे असा जो पत्ता दिसेल तो तुझ्या राउटरचा, बऱ्याचदा १९२.१६८.१.१ किंवा १९२.१६८.०.१ असतो. आता दोन खिडक्या शेजारी शेजारी उघड. एकीत त्या पत्त्याला पिंग लाव, म्हणजे त्याला सारखी हाक मारून उत्तर किती वेळात येतं ते मोजणारी कमांड दे; दुसरीत ८.८.८.८ ला, हा बाहेरचा, गूगलच्या सर्व्हरचा पत्ता. दोन्हीकडे शेवटी डॅश टी जोड (ping 8.8.8.8 -t असं), म्हणजे तू थांबवेपर्यंत पिंग चालू राहील. मग नेहमीसारखं काम करत बस.

राउटरच्या खिडकीत एकाखाली एक ओळी येत राहतील: २ मिलिसेकंद, ३, २, ५. चांगलं वाय-फाय असंच दिसतं. बिघडायला लागलं की आकडे उड्या मारतात: ४, १८०, ९००, आणि मग ‘रिक्वेस्ट टाइम्ड आउट’. तुझा आवाज तुटेल त्या क्षणी दोन्ही खिडक्यांकडे बघ आणि घड्याळातली वेळ कागदावर लिहून ठेव, कारण पिंग स्वतः वेळ छापत नाही. दोन्ही खिडक्या एकदम अडखळल्या तर दोष हवेतल्या वाटेवर, म्हणजे वाय-फायमध्ये, लॅपटॉपमध्ये किंवा खुद्द राउटरमध्ये. राउटरची खिडकी शांतपणे २-३ दाखवत असताना फक्त ८.८.८.८ गप्प झालं तर दोष बाहेरचा. दोन्ही व्यवस्थित आणि तरी वेबसाइट उघडत नसेल तर डीएनएसवर (साइटच्या नावावरून तिचा पत्ता शोधून देणारी सेवा) किंवा ऑफिसच्या व्हीपीएनवर (ऑफिसच्या नेटवर्कशी जोडणारी खाजगी वाट) संशय घे. मात्र एखादं पॅकेट, म्हणजे पिंगची एखादी हाक, हरवलं म्हणून लगेच निष्कर्ष काढू नकोस. ओळीने हरवतात का, ते बघायचं. शेवटी कंट्रोल-सी दाबलंस की किती हरवली त्याचा हिशेब खाली येतो.

त्याच खोलीत फोन नीट चालतो, असं तू ओझरतं लिहिलंस. माझ्या मते पत्रातली सगळ्यात कामाची गोष्ट तीच आहे. फक्त एक खात्री कर: फोनचा मोबाइल डेटा बंद करून बघ. वाय-फाय कमजोर झालं की बरेच फोन गुपचूप डेटावर जातात आणि आपल्याला वाटतं वाय-फाय चाललंय. डेटा बंद असतानाही फोन ठणठणीत चालला, तर संशय सरळ लॅपटॉपवर जातो.

पण लॅपटॉपकडे वळण्याआधी हवेबद्दल लिहितो, कारण घरातली निम्मी दुखणी तिथली असतात असं माझं मत आहे. वाय-फाय म्हणजे एका खोलीत बसलेली माणसं: एका वेळी एकानेच बोलायचं, बाकीच्यांनी थांबायचं. शेजाऱ्यांचे राउटरही त्याच खोलीत बसलेले असतात. वाय-फाय ज्या लहरींवर चालतं त्यांतल्या २.४ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात चॅनेल, म्हणजे त्या पट्ट्याचे क्रमांक दिलेले भाग, बरेच दिसतात, पण एकमेकांवर न चढणारे तीनच: १, ६ आणि ११. पुष्कळ जण ३ किंवा ४ रिकामा दिसला म्हणून तो निवडतात आणि तिथेच फसतात. एकाच चॅनेलवरचे राउटर निदान एकमेकांचं ऐकून पाळी घेतात. अर्धवट चढलेल्या चॅनेलवर पाळी कुणीच ओळखत नाही, नुसता गोंगाट होतो. तेव्हा १, ६, ११ यांतला त्यातल्या त्यात मोकळा निवड आणि चॅनेलची रुंदी २० मेगाहर्ट्झच ठेव.

याच पट्ट्यात ब्लूटूथ चालतं आणि मायक्रोवेव्ह ओव्हनही २.४५ गिगाहर्ट्झच्या आसपास काम करतो. आणखी एक गोष्ट फार थोड्यांना माहीत असते. यूएसबी ३.० च्या उपकरणांतून आणि केबलमधून याच पट्ट्यात गोंगाट बाहेर पडतो. इंटेलने २०१२ साली त्यावर सविस्तर टिपण काढलं होतं. तुझी बाहेरची हार्ड डिस्क किंवा डॉक (एका वायरीवर अनेक उपकरणं जोडून देणारा डबा) लॅपटॉपला जोडल्यावरच त्रास वाढतो का, ते एकदा काढून बघ.

यावर सरळ उपाय वाय-फायचा दुसरा पट्टा, ५ गिगाहर्ट्झ. तिथे गर्दी कमी, वेग जास्त, पण भिंतीपलीकडे ताकद लवकर संपते. राउटरने दोन्ही पट्ट्यांना एकच नाव दिलेलं असेल तर लॅपटॉप कधी इकडे, कधी तिकडे उड्या मारतो आणि उडी मारताना कॉल तुटतो. राउटरच्या सेटिंगमध्ये जाऊन दोन्हींना वेगळी नावं दे आणि लॅपटॉप ५ वाल्यालाच जोड. ५ मध्येही एक खाच आहे. ५२ ते १४४ या क्रमांकांची चॅनेल बऱ्याच देशांत रडारशी वाटून घेतलेली असतात. राउटरला रडारची चाहूल लागली की नियमाने ते चॅनेल सोडावंच लागतं, आणि तशाच दुसऱ्या चॅनेलवर जायचं तर आधी किमान मिनिटभर नुसतं ऐकत बसावं लागतं. अधूनमधून, काही कारण नसताना सगळ्याच उपकरणांचं वाय-फाय एकदम गायब होत असेल तर हे आठव आणि राउटर ३६ ते ४८ मधल्या चॅनेलवर बांधून टाक.

जागेचंही बघ. राउटर लोखंडी कपाटामागे, आरशाजवळ किंवा जमिनीवर नको. उंचावर, मोकळ्यावर हवा. लॅपटॉपसुद्धा वीतभर सरकवून बघ. २.४ गिगाहर्ट्झची लहर साधारण साडेबारा सेंटिमीटर लांबीची असते आणि भिंतींवरून परतलेल्या लहरी कुठे एकमेकींना वाढवतात, कुठे खाऊन टाकतात, त्यामुळे टेबलाच्या एका कोपऱ्यात आणि दुसऱ्या कोपऱ्यात खरंच फरक पडतो. सिग्नल मोजायला नेटश डब्ल्यूलॅन शो इंटरफेसेस (netsh wlan show interfaces) ही कमांड दे. विंडोज टक्के दाखवतं: १०० म्हणजे उणे ५० डीबीएम (सिग्नलची ताकद मोजायचं एकक) किंवा त्याहून चांगलं, ० म्हणजे उणे १००. व्हिडिओ कॉलसाठी उणे ६७ पर्यंत असावं असं मानतात, म्हणजे साधारण ६६ टक्के. त्याखाली सतत राहिलास तर जागा बदलण्याला पर्याय नाही.

आता लॅपटॉप. डिव्हाइस मॅनेजरमध्ये नेटवर्क अडॅप्टर्सखाली वाय-फाय कार्ड शोध, त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पॉवर मॅनेजमेंट टॅब असेल तर वीज वाचवायला हे उपकरण बंद करण्याची परवानगी काढून टाक. काही नव्या लॅपटॉपवर हा टॅब दिसतच नाही, त्याची काळजी करू नकोस. ड्रायव्हर, म्हणजे ते कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या साइटवरून घे. त्रास एखाद्या अपडेटनंतर सुरू झाला असेल तर कार्डाच्या त्याच प्रॉपर्टीजमध्ये जुना ड्रायव्हर परत आणणारं रोल बॅक ड्रायव्हर आहे, आधी ते करून बघ. आणि कमांड प्रॉम्प्ट अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून उघडून नेटश डब्ल्यूलॅन शो डब्ल्यूलॅनरिपोर्ट (netsh wlan show wlanreport) दे. मागच्या ३ दिवसांत लॅपटॉप कधी तुटला, कशामुळे तुटला, याचा आलेखासकट अहवाल तयार होतो. तुझ्या कागदावरच्या वेळा त्याच्याशी ताडून बघ.

एवढं करून राउटरच्या शेजारी बसूनही सिग्नल अर्धाच दिसत असेल, तर मला सांग, लॅपटॉपची स्क्रीन किंवा बॅटरी हल्ली बदलली होती का? बहुतेक लॅपटॉपचे अँटेना स्क्रीनच्या कडेत असतात. तिथून दोन बारीक वायरी, बहुधा एक काळी आणि एक पांढरी, बिजागरीतून खाली कार्डापर्यंत येतात आणि टोकाच्या सोनेरी गोल टिकल्या कार्डावर टच्‌ करून बसतात. दुरुस्तीत एखादी निसटली किंवा नीट बसली नाही, की जोडणी होते पण कायम अशक्त राहते. सॉफ्टवेअरने हे कधीच सुधारत नाही. स्वतः उघडू नकोस. दुरुस्ती करणाऱ्याला नेमकं सांग, की वाय-फाय कार्डावरच्या अँटेनाच्या वायरी तपासून दे. हे तोंडून सांगितलं नाही तर तो बहुधा विंडोजच नव्याने टाकून देईल.

दोष बाहेरचा निघाला तर लॅपटॉप लॅनच्या वायरीने राउटरला जोडून तीच पिंगची चाचणी पुन्हा घे आणि मगच तक्रार नोंदव. ‘नेट हळू आहे’ म्हणशील तर ते राउटर बंद-चालू करायला सांगून फोन ठेवतील. ‘वायरीने जोडलेलं असताना, राउटरचं उत्तर येत असताना, या या वेळी पुढचं उत्तर बंद पडलं’ असं म्हटलंस आणि वेळांचा कागद दाखवलास, की त्यांना माणूस पाठवावाच लागतो.

एका वेळी एकच गोष्ट बदल आणि पुढची मीटिंग होईपर्यंत थांब, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही. पिंग मात्र आजच लाव. दोन्ही खिडक्यांचे फोटो, सिग्नलचे टक्के आणि चॅनेलचा क्रमांक एवढं मला पाठव, म्हणजे पुढचं आपण मिळून बघू.

तुझा,
जुना मित्र