पदवी मिळते, पाटी लावता येत नाही

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

‘मानसशास्त्र म्हणजे नुसते समुपदेशन, ते शिकायला परदेशात लाखो रुपये कशाला घालवायचे?’ अशा आशयाचे एका वाचकाचे पत्र गेल्या आठवड्यात आपल्या दैनिकात आले होते. माझी मुलगी न्यूयॉर्क युनिव्हर्सिटीत याच विषयाच्या तिसऱ्या वर्षाला आहे. खर्चाबद्दल ते म्हणतात ते खरे. कर्जाचा हप्ता मीच भरतो. विषयाबद्दल मात्र ते चुकले.

चुकलो आम्हीही होतो. पणजीतल्या एका सल्लागाराने चकचकीत माहितीपत्रक पुढ्यात टाकले आणि ‘चार वर्षांत मुलगी समुपदेशक’ असे छातीठोक सांगितले. शेजारच्या काकांनी ‘म्हणजे पिशांचो दोतोर?’ (वेड्यांचा डॉक्टर) म्हणून निकालच लावला. पण न्यूयॉर्क राज्यात मानसशास्त्रज्ञाचा परवाना मिळवायला डॉक्टरेट लागते. आपल्याकडे चिकित्सा (क्लिनिकल) मानसशास्त्रज्ञ व्हायचे तर भारतीय पुनर्वास परिषदेची नोंदणी हवी. तिकडची बी.ए. घेऊन फोंड्यात पाटी लावता येत नाही, हे आम्हाला फी भरल्यावर कळले.

मग ती तिथे शिकते काय? वॉशिंग्टन स्क्वेअरभोवती भर शहरात पसरलेले ते खासगी विद्यापीठ. ताळगावच्या पठारावरचे गोवा विद्यापीठ पाहिलेल्या मला व्हिडिओ कॉलवर त्याचे फाटक कुठे तेच कळेना! अशा ठिकाणी भर असतो संशोधनावर. डिसेंबरात घरी आली तेव्हा तिने माझ्या आईला सोप्यावर बसवून एक कागद पुढे केला. ‘लाल’ हा शब्द हिरव्या शाईत, ‘निळा’ पिवळ्या. शब्द वाचायचा नाही, शाईचा रंग सांगायचा. रोज पोथी वाचणारी आई दर शब्दाला अडखळली. ‘हांगा लाल म्हूण बरयलां न्हय गो?’ (इथे लाल असे लिहिलेय ना गं?) म्हणून चिडलीसुद्धा. नात मोबाइलवर सेकंद मोजत होती. मग तिने तेच शब्द इंग्रजीत लिहून दिले. आईला इंग्रजी अक्षर कळत नाही. तिने घडाघडा रंग सांगितले. स्ट्रूप या मानसशास्त्रज्ञाचा हा प्रयोग १९३५चा. वाचनाची सवय किती हट्टी असते, ते आमच्या सोप्यावर दिसले.

मुलगी सांगते, २००८मध्ये अर्नेट या मानसशास्त्रज्ञांनी अमेरिकेतली मानसशास्त्राची प्रमुख नियतकालिके तपासली, तेव्हा त्यातल्या अभ्यासांत भाग घेणारे ६८ टक्के अमेरिकनच निघाले. म्हणजे माझ्या आईसारखी माणसे कुणी फारशी मोजलीच नाहीत. उलट, गोव्यातल्या ‘संगाथ’ या मानसिक आरोग्यावर काम करणाऱ्या संस्थेने प्राथमिक आरोग्य केंद्रांत प्रशिक्षण दिलेल्या साध्या माणसांकडून नैराश्यावर समुपदेशन करवून पाहिले, ते २०१०मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले. मुलीला हे न्यूयॉर्कच्या वर्गात कळले. इथे बारावीपर्यंत कुणी तिला सांगितले नव्हते, मलाही ठाऊक नव्हते.

बारावीचे निकाल लागले की सल्लागारांच्या जाहिराती सुरू होतील. त्याआधी आपण एखाद्या नोंदणीकृत चिकित्सा मानसशास्त्रज्ञाकडून कोणत्या पदवीने नेमके काय करता येते, यावर लेख लिहवून घ्यावा, ही विनंती.

आपला,
एक पालक, फोंडा