टोपीआड गेलेले एक मत

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

एकोणिसाव्या शतकातला अमेरिकन शिकारी आणि लोकप्रतिनिधी डेव्ही क्रॉकेट म्हटले की रॅकून या प्राण्याच्या कातड्याची टोपी आणि टेक्सासमधल्या आलामो या किल्ल्याची लढाई. मधली चौदा वर्षे, ज्यांत तो कधी निवडून आला, कधी पडला, ती कुणी सांगत नाही. माणूस खरा कळतो तो तिथेच.

तो सही ‘डेव्हिड’ अशी करी. 1821 मध्ये टेनेसी राज्याच्या विधिमंडळात गेला, 1827 मध्ये काँग्रेसमध्ये, म्हणजे अमेरिकेच्या संसदेत. प्रश्न धरला तो पश्चिम टेनेसीतल्या जमिनीचा. क्रांतियुद्धातल्या सैनिकांना मिळालेल्या जमिनीच्या सनदा सट्टेबाजांनी विकत घेतल्या होत्या. सनदवाला मोजणी करून दाखल झाला की जंगल तोडून मका पिकवणाऱ्या कुटुंबाला उठावे लागे. उरलेली मोकळी जमीन राज्याला द्यावी, असे तिथल्या पुढाऱ्यांचे म्हणणे. क्रॉकेटला ती थेट कसणाऱ्याला हवी होती. ‘कसेल त्याची जमीन’ ऐकत वाढलेल्या आपल्याला हे वेगळे समजावायला नको. त्याच्या हयातीत हे जमले नाही. 1841 मध्ये त्याचा मुलगा जॉन वेस्ली याने या जमिनीचा कायदा, बदललेल्या रूपात, मंजूर करून घेतला.

26 मे 1830 रोजी अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांना मिसिसिपी नदीपलीकडे हलवण्याचे विधेयक संसदेच्या प्रतिनिधिगृहात 102 विरुद्ध 97 मतांनी मंजूर झाले. टेनेसीच्या प्रतिनिधींपैकी विरोधात मत दिले ते एकट्या क्रॉकेटने. हे विधेयक रेटणारे राष्ट्राध्यक्ष अँड्र्यू जॅक्सन त्याच्याच राज्याचे, मूळ रहिवाशांविरुद्धच्या क्रीक युद्धात त्याचे सेनापती. 1831 मध्ये तो पडला, 1833 मध्ये परत आला, 1835 मध्ये 252 मतांनी पुन्हा पडला आणि टेक्सासला निघून गेला. 6 मार्च 1836 रोजी आलामोत मारला गेला.

दंतकथा मात्र त्याच्या हयातीतच सुरू झाली होती. 1831 मध्ये न्यूयॉर्कच्या रंगभूमीवर त्याच्यावर बेतलेले पात्र गाजले. 1835 पासून त्याच्या नावाची पंचांगे, म्हणजे अचाट गोष्टी छापणाऱ्या वार्षिक पुस्तिका, निघू लागली, ती मृत्यूनंतर वीस वर्षे निघत राहिली. त्यांतला क्रॉकेट मूळ रहिवाशांची हेटाळणी करतो. ज्यांच्या बाजूने मत दिले, त्यांच्याचविरुद्ध त्याचे नाव वापरले गेले, याचे फार वाईट वाटते. टोपी घराघरांत पोचवली ती 1954-55 च्या डिस्नेच्या दूरचित्रवाणी मालिकेने.

मुलांच्या पुरवणीसाठी त्याची गोष्ट निवडताना ती आधी 1834 च्या त्याच्या आत्मचरित्राशी ताडून पाहावी. तिथेही त्याने मारलेल्या अस्वलांचे आकडे फुगवलेले असू शकतात. पण गोष्ट फक्त पंचांगांतच सापडत असेल, तर इतिहास म्हणून छापू नये.

आपला,
एक वाचक, पुणे